वरच्या कुरणाचं खत, खालच्या अण्णांचं भात

माझ्या आयुष्यातला पहिला सत्कार झाला, तो दुसऱ्याच्या रानात भात जोरात आलं म्हणून. आमच्या कुरणाच्या खाली ज्यांची भाताची खाचरं होती ते अण्णा ऐन दिवाळीत धुतलेला सदरा आणि नवी टोपी घालून आमच्या सोप्यात आले. एका हातात नारळ, खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी. माझ्या थोरल्या भावाला त्यांनी नुसता नमस्कार केला आणि नारळ सरळ माझ्या हातात दिला.

"मास्तर, तुमच्यामुळं पिकलं बघा," ते म्हणाले. "फुडच्या साली बी असंच खत टाका. गाडी कमी पडली तर माझी घिऊन जावा."

दादा तंबाखू मळत होता. हसू आवरताना त्याच्या तळहातावरची सगळी तंबाखू सांडली. वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. मी नारळ धरून तसाच उभा, कारण सत्कारमूर्तीनं अशा वेळी बसायचं असतं की उभं राहायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

हा सत्कार मी कसा मिळवला ते सांगायचं तर मला वर्षभर मागं जावं लागेल. एकोणीसशे सत्तरच्या आसपासचे दिवस. मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत दोन खोल्यांत राहत होतो आणि तिथल्याच एका शाळेत मुलांना विज्ञान शिकवत होतो. गाव गडहिंग्लजच्या वाटेवर. शनिवारी अर्धी शाळा सुटली की एसटी धरायची आणि रविवारी संध्याकाळी परत. गावात जमीन दादा कसायचा. मी तिथं जाऊन फक्त सल्ले द्यायचो.

आमचं एक चार एकराचं कुरण होतं, डोंगराच्या उतारावर. त्याला कधी नांगर लागला नव्हता. मृगाच्या पावसात गवत आपलं आपण उगवायचं, दिवाळीपर्यंत तिथं जनावराचा खूर पडू द्यायचा नाही, मग सगळं कापून, वाळवून गंजी रचायची, असा रिवाज. वहिनीच्या सहा म्हशी त्या गंजीवर उन्हाळा काढायच्या. म्हशी वहिनीच्या म्हणतो ते उगाच नाही. धारा तीच काढायची, दूध डेअरीवर तीच घालायची आणि त्या दुधाबद्दल दादाला सुद्धा एक शब्द बोलायची सोय नव्हती.

पण कुरण थकलं होतं. पवना, मारवेल अशी जनावरांच्या आवडीची गवतं मागं हटली आणि कपड्याला चिकटणारी कुसळी माजली. त्या दिवाळीला गंजी रचून झाली तर ती जेमतेम माझ्या कमरेला आली. आणि मी काही उंच माणूस नाही. तेवढ्यात नदीवरून पाणी उचलून आणायची योजना गावात यायची बातमी लागली. दादानं गंजीकडं एकदा बघितलं आणि निकाल सांगून टाकला. ही गंजी शिमग्याला संपणार. पुढं विकतचं गवत आणून म्हशी सांभाळण्यात काही अर्थ नाही. म्हशी काढून टाकायच्या, कुरण फोडायचं आणि ऊस लावायचा.

वहिनी एरवी एखादी म्हैस पेलाभर दूध कमी द्यायला लागली तर वाडीला ऐकू जाईल असं बोलायची. त्या दिवशी ती नुसती गोठ्याच्या दारात उभी राहिली. ते बघून मला राहवलं नाही आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की कुरणाला आपण कधी खायला घातलंय का? खत टाकलं तर गवत दुप्पट येईल.

"कुरणाला कुणी खत घालतं व्हय?" दादा म्हणाला.

मी म्हणालो, विज्ञान घालतं.

विज्ञान या शब्दाचा दादावर एकच परिणाम व्हायचा, तो खूष व्हायचा. आपला धाकटा भाऊ आता पडणार हे त्याला आधी कळायचं. त्यानं तिथंच अट घातली. दोन पावसाळे माझे. वहिनीच्या गोठ्यामागचा उकिरडा, जो एरवी उसाला जायचा, तोही माझा. दुसऱ्या पावसाळ्यानंतरच्या अक्षय्य तृतीयेला तो स्वतः गंजी बघणार. त्या दिवशी घरचं गवत शिल्लक असेल तर कुरण राहील. नसेल तर त्याच दिवशी दुपारी नांगर. त्या शेवटच्या गंजीला बाहेरच्या एका पेंढीची जरी जोड दिली तरी मी हरलो.

मी एसटी धरायला निघालो तशी वहिनी मागून आली. "भावजी, बोललायसा तर आता निभवा," ती म्हणाली. "म्हशी गेल्या तर मी दिवसभर काय तुमच्या दादांच्या तोंडाकडं बघत बसू?"

आता खत टाकायचं ठरलं. कसं टाकायचं ते कुणालाही येतं. माझा घोटाळा झाला तो कधी टाकायचं यात.

माझा पहिला विचार इतका सोपा होता, की तो आधी कुणाला कसा सुचला नाही याचं मला नवल वाटलं. गवत कापून झालंय, रान मोकळं आहे, वाट कोरडी आहे. मग आत्ताच टाकायचं. ते कुजायची वाट कशाला बघायची? म्हशीनं सकाळी टाकलं, संध्याकाळी कुरणात. कार्तिकापासून वहिनीनं रोज दोन बुट्ट्या ताजं शेण माझ्या सांगण्यावरून कुरणात नेऊन पसरलं. मी दर शनिवारी जाऊन बघायचो. आणि काय सांगू, दर शनिवारी मागच्या आठवड्याचं शेण नाहीसं झालेलं असायचं. वर थेंब नाही पावसाचा, तरी जमीन ते पिऊन टाकत होती. मी शाळेत शिक्षकांच्या खोलीत या विषयावर चांगलं अर्धा तास बोललो. आपल्या मातीची भूक, असे शब्द मी वापरल्याचं मला आठवतं. चित्रकलेच्या मास्तरांनी तर माझा हात हातात घेतला होता.

पौषातल्या एका शनिवारी मी लवकर पोचलो. उतारावरून वाडीतल्या दोघीतिघी बायका डोक्यावर भरलेल्या बुट्ट्या घेऊन खाली येत होत्या. त्यातली एक म्हातारी मला बघून थांबली आणि मनापासून म्हणाली, "मास्तर, तुमच्या कुरणातल्या शेणी लई कडक. धूरच न्हाई बघा."

दिवसा ऊन आणि रात्री गार वारा, यांनी माझं खत भाजून त्याच्या छान शेणी, म्हणजे जळणाच्या गोवऱ्या, करून ठेवल्या होत्या, आणि अख्ख्या वाडीच्या चुली त्या थंडीत माझ्या विज्ञानावर पेटत होत्या. वहिनीला हे ठाऊक होतं का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, मला वाटलं तुम्हीच त्यांना सांगितलंय. गरिबाला मदत करताय, बोलून दाखवत नाही, म्हणून मीही बोलले नाही.

त्या साली गंजी शिमग्याच्या आधीच संपली. दादानं तो उन्हाळा उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, आणि थोड्या विकतच्या कडब्यावर काढू दिला, कारण अट शेवटच्या गंजीची होती. पण जाता-येता तो मला विचारायचा, मास्तर, यंदा चुलीला काय घालणार?

मग मी वैशाखात बसून नीट विचार केला. खत सुकलं म्हणून गेलं. म्हणजे पाऊस पाहिजे. म्हणजे मृगाच्या तोंडावर टाकायचं, आणि ताजं नाही, उकिरड्यातलं कुजलेलं. इथवर माझं फार चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढं. पाऊस किती येणार हे कळायला हवं, म्हणून मी पंचांग उघडलं. पंचांगात प्रत्येक पावसाच्या नक्षत्राला एक वाहन असतं. बेडूक किंवा म्हैस असली तर पाऊस धो-धो, कोल्हा किंवा मेंढा असला तर बेताचा. वर्गात मी मुलांना ढग कसे बनतात ते फळ्यावर काढून दाखवायचो आणि घरी येऊन वाहन बघायचो. त्या साली मृगाचं वाहन कोल्हा. म्हटलं, मस्त. कोल्हा म्हणजे हलका पाऊस, खत हळूहळू मुरणार.

मृग लागायच्या आदल्या दिवसापर्यंत मी सोळा गाड्या शेणखत कुरणात ओढलं. एकेक ढीग, मग दंताळ्यानं पसरायचं. पसरलंही जाडजूड, कारण मी उदार झालो होतो. शेवटच्या गाडीचा कणा वरच्या कोपऱ्यात मोडला, तेवढी एक गाडी भरलेलीच तिथं राहिली. दादा बांधावर बसून सगळं बघत होता. एवढ्या पसाऱ्यात तो एकदाच बोलला. जमीन अजून दगडासारखी आहे, म्हणाला, हिला तोंड फुटू दे की. मी त्याला पंचांग दाखवलं.

तिसऱ्या दिवशी कोल्हा आला, तो हत्तीवर बसून आला. दुपारी दोनला सुरू झालेला पाऊस दिवस मावळेपर्यंत थांबला नाही. तापलेली, घट्ट झालेली जमीन पाणी आत घेईना. उतारावरून काळं, दाट पाणी नुसतं लोटत होतं आणि त्यात माझ्या सोळा गाड्यांतल्या पंधरा होत्या. ते सगळं कुरणाच्या खालच्या बांधावरून उडी मारून अण्णांच्या खाचरांत उतरलं. अण्णांनी धूळवाफेवर, पावसाआधीच कोरड्या मातीत, भात पेरून ठेवलेलं होतं. अण्णा जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारे. पण त्या दिवशी ते जेवण सोडून घोंगडी घेऊन खाचराच्या बांधावर उभे होते आणि माझं खत नीट सगळीकडं पसरतंय ना याची काळजी घेत होते.

लाजेनं मी पुढचे सात आठवडे गावाकडं गेलोच नाही. शाळा सुरू झाल्यात, वेळ मिळत नाही, असं पत्र टाकलं.

श्रावणात गेलो. गवत गुडघ्याला आलेलं, रानात कुसळीच जास्त. एक पावसाळा तर हातचा गेला होता. मला घाई सुटली. उघडीप बघून मी गोठ्यातलं शेण पाण्यात कालवलं आणि खराट्यानं उभ्या गवतावर शिंपडलं. पानांवरून खाली मुळाशी जाईल, असं माझं गणित होतं. ते पानांवरच बसलं. दुसऱ्या दिवशी त्यातलं भाराभर गवत कापून म्हशींपुढं टाकलं, तर सहाच्या सहा म्हशींनी ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. थोरली म्हैस तर माझ्याकडं बघत राहिली. एवढ्या वर्षांत माझ्याकडं इतक्या निराशेनं बघणारं दुसरं कुणी भेटलं नाही, आणि मी तीस वर्षं परीक्षेचे पेपर वाटलेत.

मी कुरणात एकटाच फिरत होतो. हरलो हे मनाशी पक्कं झालं होतं. वरच्या कोपऱ्यात गेलो आणि थांबलो. तिथं दोन गुंठ्यांचा एक पट्टा होता. त्यातलं गवत माझ्या छातीला लागत होतं. पवना आणि मारवेल, गर्द हिरवं, कुसळीचं नाव नाही. पट्ट्याच्या बाहेर एक पाऊल टाकलं की परत गुडघ्याएवढं. मला वाटलं माझंच काहीतरी बरोबर आलंय. मी धावत घरी गेलो.

वहिनी धार काढत होती. तिनं वळूनही न बघता सांगितलं, की तो कोपरा तुमच्या मोडलेल्या गाडीचा. गाडीला कणा बसवायचा होता, पण ती भरलेली. तुमचा पत्ता नाही. ढीग तिथंच ओतला असता तर त्याखालचं गवत मेलं असतं आणि दादांनी मला बोल लावला असता. म्हणून मी बुट्टीनं हातानं उडवलं सगळीकडं, पातळ.

मी विचारलं, कधी? कुठल्या तारखेला?

तारीख तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मी भांडं तिच्या हातातून काढून घेतलं आणि तिला पुन्हा विचारलं. तिनं आठवून सांगितलं.

"गवात नुकतं वर आलतं. कुरणात पाय ठेवला की माझी जोडवी झाकत हुती, एवढंच. माती टाचेला चिकटत हुती, पण पाय रुतत नव्हता. आणि आभाळ भरलेलं, भुरभुर पडत हुती. भावजी, भांडं द्या. म्हस पान्हा चोरंल."

मी ते जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. मला एवढ्या दिवसांत जे सुचलं नव्हतं ते सगळं त्यात होतं. जमिनीचं तोंड उघडलेलं, म्हणजे आत मुरणार. गवताची मुळं जागी झालेली, म्हणजे ती धरून ठेवणार आणि खाणार. पातं अजून इतकं कोवळं की खताच्या वर निघून जाणार, तेव्हा पुढं चाऱ्याला वास राहणार नाही. आणि ऊन नाही, तर शेणी होणार नाहीत. आदल्या वर्षभरात मी या चारही गोष्टींच्या बरोबर उलट वागून दाखवलं होतं. नेमकं उलटं वागायलासुद्धा काही गुण लागतो, असं मी तेव्हा स्वतःची समजूत घालून म्हणालो.

सत्कार झाला तो त्याच दिवाळीत. आणि गंजी पुन्हा कमरेला, म्हणजे पुढचा उन्हाळाही उसाच्या वाड्यावरच.

आता एकच पावसाळा उरला होता. तो योग्य दिवस वर्षातून एकदा येणार, दोन-तीन दिवस टिकणार आणि तेव्हा मी कोल्हापुरात सातवीच्या वर्गात असणार. म्हणून मी आणि वहिनीनं ठरवून टाकलं. खत उकिरड्यातच ठेवायचं, कुरणाच्या बांधावर ढीग सुद्धा आधी घालायचे नाहीत. वहिनी रोज सकाळी कुरणात अनवाणी जाऊन यायची. दिवस जवळ आला की एसटीच्या कंडक्टरकरवी मला निरोप.

आर्द्रा लागून दोनच दिवस झाले होते. मी फळ्यावर बेडकाचं हृदय काढत होतो, तेवढ्यात खाकी कपड्यांतला एक जाडजूड कंडक्टर वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला गावातल्या लोकांनी शाळेपर्यंत पिटाळलं होतं. मागं मुख्याध्यापक.

"मास्तर तुम्हीच न्हवं?" तो वर्गभर ऐकू जाईल असं म्हणाला. "तुमच्या वैनीनं सांगितलंय, जोडवी झाकली. लगीच या."

मुलं हसायला लागली. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. मी तिथंच रजेचा अर्ज लिहिला आणि खरं लिहायची मला तेव्हा सवय होती, म्हणून कारणाच्या जागी शेणखत पसरणे असं लिहिलं. त्यांनी तो वाचला, परत दिला आणि शांतपणे म्हणाले, "कारण बदला. हा अर्ज तपासणीला जातो." मी घरगुती कार्य असं केलं. त्याच कंडक्टरच्या गाडीनं निघालो.

गावात उतरलो तर कडक ऊन. मी लगेच गाड्या जोडायला निघालो. वहिनीनं बैलांच्या समोर उभं राहून मला अडवलं. उन्हात नको, म्हणाली. मी म्हणालो, माझी रजा तीन दिवसांची आहे. ती म्हणाली, गवताला तुमच्या रजेचं काय. पहिला दिवस गेला. दुसराही गेला. दादा सोप्यात बसून वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, की आमचे मास्तर आभाळाची वाट बघायला तीन दिवसांची रजा काढून आलेत, सरकार पगार देतंय. मी खाली मान घालून बसलो. गवत मात्र वाढत होतं, आणि प्रत्येक बोटाच्या वाढीबरोबर मला ती थोरली म्हैस दिसायला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ खाली आलं. डोंगरावरून येतो तसा गार वारा, आणि बारीक भुरभुर. वहिनी कुरणातून आली ती चालत नाही, जवळजवळ पळत. म्हणाली, आजच.

गाड्या मी वरच्या वाटेवरच उभ्या केल्या, कुरणात चाक जाऊ दिलं नाही. वाडीतल्या दहा-बारा बायका बोलावल्या होत्या, त्या बुट्ट्या भरून रांगेनं उतरू लागल्या. त्यात ती शेणीवाली म्हातारीही होती. वहिनी सगळ्यांच्या पुढं. भाकरीवर तीळ लावावेत तसं, जागोजाग, पातळ, मुठीनं भुरकवत जायचं. मी ठेवलेला जाड थर आठवून मला आता माझीच लाज वाटत होती. मी काय काम करत होतो? मी बुट्ट्या भरत होतो. ती जागा मला वहिनीनं दिली होती आणि ती माझ्या लायकीची होती. चारच्या सुमाराला शेवटची बुट्टी रिकामी झाली. पाच वाजता पाऊस कोसळायला लागला.

मागच्या सालापेक्षा मोठा. मी घोंगडी डोक्यावर घेतली आणि धावत कुरणाच्या खालच्या बांधावर गेलो, कारण तिथंच काय ते कळणार होतं. काळं पाणी आलं, की वहिनीच्या म्हशी गेल्या.

तिथं मी एकटा नव्हतो. बांधाच्या पलीकडं अण्णा उभे होते. त्यांनी त्यांच्या खाचराच्या बांधाला दोन ठिकाणी तोंडं पाडून ठेवली होती, माझं खत बिनअडथळा आत यावं म्हणून. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे राहून वर बघत होतो. मला वाटत होतं येऊ नये, त्यांना वाटत होतं कधी येतंय. पाणी आलं. उतारावरून पसरत, गवतातून गाळत, हळूहळू आलं. मी वाकून ओंजळीत घेतलं. स्वच्छ. तळाशी दोन वाळूचे कण. आणखी अर्ध्या तासानं घेतलं, तेव्हाही स्वच्छ.

अण्णांनीही ओंजळ भरून बघितली, आणि पाणी सोडून दिलं. "मास्तर, यंदा न्हाई वाटतं आमचं," ते म्हणाले.

मी म्हणालो, न्हाई अण्णा. यंदा आमचं. एवढं बोलताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि पावसामुळं ते त्यांना दिसलं नाही, याबद्दल मी त्या पावसाचा आजही आभारी आहे.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत भिजलेला, शेणाचा वास येणारा, आणि अत्यंत उर्मट असा गेलो.

त्या पावसाळ्यात दर शनिवारी कुरणात जायचा मला एक चाळाच लागला. भाद्रपदात गवत माझ्या छातीला लागलं. नवरात्रात आत गेलेला माणूस बाहेरून दिसेना. कुसळी दबून गेली आणि चहूबाजूंनी पवन्याचे लांब तुरे वाऱ्यावर डोलू लागले. कापायला बसलेल्या बायकांना चार दिवस जास्त लागले. गंजी रचताना वर चढायला शिडी आणावी लागली, आणि ती शिडी दादानं स्वतः शेजारून मागून आणली. थोरली म्हैस त्या गवताचा पहिला भारा टाकल्यावर वर मान न करता खात राहिली. वहिनीनं तिच्या पाठीवर थाप मारली.

अट मात्र अक्षय्य तृतीयेची होती. शिमगा आला, गंजी उभी. पाडवा आला, अजून डोक्याएवढी. पण पुढं ऊन वाढलं आणि म्हशी जास्त खायला लागल्या. पाणी-योजनेचा पाइप कुरणाच्या खालपर्यंत येऊन पडला होता. दादानं नांगराला दोन बैलजोड्या सांगून ठेवल्या, खरंच सांगून ठेवल्या. वहिनी मला विचारायला लागली, की गवत जरा हात आखडून घालू का? मी म्हणालो, पोटभर घाला. तेव्हा मला कुठून एवढा धीर आला होता कोण जाणे. पुढं बसमध्ये बसल्यावर मात्र मी स्वतःला दोन-चार शिव्या दिल्या.

अक्षय्य तृतीयेला सकाळी मी पोचलो, तर अंगणात नांगर आणि दोन बैलजोड्या. नांगरकरी विडी ओढत बसलेला. दादा धोतर खोचून गोठ्यामागं निघाला, मी आणि वहिनी त्याच्या मागं. गंजी उरली होती ती माझ्या छातीला येत होती. दादा तिच्याभोवती एकदा फिरला. मग त्यानं मधोमध हात कोपरापर्यंत आत घातला, आत कुजलंय का, भुसा भरलाय का, बघायला. मूठभर गवत बाहेर काढलं, नाकाला लावलं, थोडं दातांत धरून चावलं. ते तो बराच वेळ चावत होता. मला वाटलं गिळतो की काय.

"मिरगापतूर पुरंल," तो म्हणाला.

वहिनी म्हणाली, "मिरगापतूर कशाला? आणखी एक म्हस आणली तरी पुरंल. मी बघूनबी आलेय, वाडीतच हाय."

दादानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हातातलं उरलेलं गवत परत गंजीवर ठेवलं. "आन मग," तो म्हणाला. "ऊस आपल्या खालच्या रानात लावू. पाइप तिकडं वळवायला सांगतो. कुरणाला हात लावायचा न्हाई कुणी." आणि अंगणात येऊन त्यानं नांगरकऱ्याला सांगितलं, की बैल सोड, हातपाय धू, आज आंब्याचा रस हाय, जेवून जा.

जेवताना मला त्यानं आपल्या शेजारचा पाट दिला. दुपारी अण्णा आले, त्यांच्या बैलांना चार पेंढ्या गवत मिळेल का विचारत. दादानं त्यांना चाराच्या आठ दिल्या आणि बसवून घेऊन सांगायला लागला, की कुरणाला खत घालायचं तर दिवस ओळखता आला पाहिजे, जमिनीचं तोंड उघडलं पाहिजे, गवात फार वाढायला नको आणि ऊन नको. आम्ही हे पुष्कळ विचार करून ठरवलं, म्हणाला. वहिनीनं रसाची वाटी माझ्यापुढं ठेवताना माझ्याकडं असं बघितलं, की मला ठसका लागला.

संध्याकाळच्या एसटीला तोच जाडजूड कंडक्टर होता. त्यानं तिकिटं फाडायच्या आधीच विचारलं, म्हशी ऱ्हायल्या का? मी म्हणालो, राहिल्या, आणि सातवी येतेय. मग काय, त्यानं पुढच्या बाकड्यावरच्या पावण्यांना सांगितलं, त्यांनी मागच्यांना. निपाणीला गंजी माझ्या डोक्याएवढी झाली होती. कागलला तिच्यावर शिडी लागली. शिवाजी पेठेत मी घराच्या जिन्यापाशी पोचलो, तेव्हा माझ्याबरोबर उतरलेला एक अनोळखी पावणा कोपऱ्यावरच्या पानवाल्याला मोठ्या आवाजात सांगत होता, की गडहिंग्लजकडं एका मास्तरानं दुमजली गंजी रचलीय, अख्ख्या तालुक्याला पुरंल एवढी, आणि अजून तिच्यातली एक पेंढी हललेली न्हाई. मी तिथंच थांबून एक पान लावून घेतलं आणि त्याला म्हणालो, "पावणं, दुमजली न्हाई. वर गच्ची पण हाय."